पीपीओ वहिनींच्या हातात आहे ना?

नोव्हेंबरातली दुपार. ऑक्टोबरचा उकाडा कॅलेंडरवरून गेला होता, पण दादरच्या त्या जुन्या सभागृहातून काही गेला नव्हता. पंखे तीच गरम हवा ढवळत होते. परराष्ट्र आणि व्यापार खात्यांतून निवृत्त झालेली पंचवीस-तीस माणसं महिन्याच्या बैठकीला जमली होती. मागे टेबलावर साबुदाणा वडे झाकून ठेवलेले, आणि त्यांचा वास आधी श्रद्धांजली, मग खाणं या क्रमाला जुमानत नव्हता. चिटणीसांनी चष्मा सारखा केला आणि सहा ओळींचं टिपण वाचलं. वय चौऱ्याऐंशी. मॉस्को, मोम्बासा, हँबर्ग. शेवटची काही वर्षं मुंबईत आयात-निर्यातीच्या कचेरीत. मनमिळाऊ, अभ्यासू, अल्पशा आजाराने निधन, पश्चात पत्नी, मुलगी, जावई, नातू. सगळे उभे राहिले. खुर्च्या करकरल्या, गुडघेही. दोन मिनिटं शांतता. ती संपली, कुणी 'बसा' म्हणायच्या आतच मागच्या रांगेतून एक खरखरीत आवाज आला : "पीपीओ वहिनींच्या हातात आहे ना?"

कुणीतरी 'श्श' केलं. पुढच्या रांगेतल्या एका माजी राजदूतांनी मान अर्धी वळवली आणि परत सरळ केली. चिटणीस म्हणाले, "ते बघू नंतर," आणि वड्यांवरचं झाकण निघालं.

पीपीओ म्हणजे पेन्शनचा सरकारी कागद. तो प्रश्न मात्र काही केल्या डोक्यातून जाईना.

खटकायचं कारण असं की शोक कसा करावा हे या जमातीला शिकवावं लागत नाही. त्यांचा तो व्यवसायच होता. व्हिजिटिंग कार्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरं लिहायची जुनी रीत या लोकांनी पाळलेली आहे. बदली होऊन निघताना पी. पी. सी., आभारासाठी पी. आर., अभिनंदनासाठी पी. एफ. आणि दुखवट्यासाठी पी. सी. सगळी फ्रेंच शब्दांची आद्याक्षरं. शाईने नाही, पेन्सिलनेच. वर मजकूर नाही, सही नाही. परक्या देशाचा प्रमुख गेला की त्याच्या वकिलातीत शोकपुस्तक उघडतात, त्याचीही मांडणी ठरलेली. टेबलावर कापड, फोटो, फोटोच्या कोपऱ्याला काळी फीत, दोन पेनं (एक हमखास ऐन वेळी कोरडं पडतं), आणि बाजूला एक माणूस उभा. पाहुण्याची शाई वाळली की पान उलटायचं, म्हणजे पुढच्या राजदूताला कोरं पान मिळतं आणि आधीच्याने काय लिहिलं ते वाचायचा मोह होत नाही, एवढंच त्याचं काम. पुस्तक कधी ते कधी उघडं राहील हे नोट व्हर्बालने कळवायचं. ती नोट तृतीयपुरुषी, 'वकिलात आपले अभिवादन सादर करते' अशा थाटाची, खाली सही नसलेली. नुसता शिक्का आणि त्यावर आद्याक्षरं. इतक्या रेशमी शिस्तीत आयुष्य गेलेल्या माणसांच्या सभेत, शांततेची दोन मिनिटं संपताच पेन्शनच्या कागदाची चौकशी म्हणजे मयताच्या घरात शिरल्याशिरल्या वीजबिल मागण्यासारखं वाटलं. निदान त्या क्षणी तरी.

मग विचार त्या सहा ओळींकडे वळला. अशी टिपणं ऐकायची सवय झाली की त्यांचा साचा पाठ होतो. आधी ठाणी, मग स्वभाव, मग आजार, मग कुटुंब. ठाण्यांची नावं वाचताना वाचणाऱ्याचा आवाज थोडा चढतो. पण मोम्बासात तो माणूस रोज सकाळी दहा ते सहा काय करत होता, हे त्यात कधीच नसतं. राजदूताचं थोडंफार तरी येतं. तह, भेटी, भाषणं. वाणिज्य विभागातल्या माणसाच्या वाट्याला 'त्यांच्या कार्यकाळात व्यापार वृद्धिंगत झाला' हे एकच वाक्य, आणि ते वाक्य कोणाच्याही नावाला चिकटवता येतं.

खरं तर असल्या माणसाच्या टेबलावर येणारी अर्धी टपाल रडगाण्यांची असायची. मुंबईच्या निर्यातदाराने माल पाठवला, पैसे आले नाहीत, आता वकिलातीने काही करावं. नवा अधिकारी लगेच आयातदाराला कडक पत्र धाडतो. जुना आधी कागद मागवतो. करार किंवा प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, कमर्शियल इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग नाहीतर एअरवे बिल, बँकेचं न वटल्याचं पत्र, आणि दोघांमधला सगळा पत्रव्यवहार. निम्मी प्रकरणं तिथेच उलगडतात. समुद्रमार्गे गेलेल्या मालाचं बिल ऑफ लेडिंग हा मालकीचा कागद असतो. त्याच्या बहुधा तीन मूळ प्रती निघतात, त्यातली कुठलीही एक दाखवली की माल सुटतो आणि उरलेल्या दोन रद्दी होतात. म्हणून तिन्ही बँकेत गेल्या पाहिजेत, म्हणजे गिऱ्हाइकाने पैसे भरल्याशिवाय कागद सुटत नाही. निर्यातदार एक प्रत 'सोयीसाठी' थेट गिऱ्हाइकाला पाठवतो आणि फसतो. विमानाने माल गेला तर याहून वाईट, कारण एअरवे बिल मालकीचा कागदच नाही. हिरवी प्रत विमान कंपनीची, गुलाबी माल घेणाऱ्याची, निळी पाठवणाऱ्याची. 'कन्साइनी'च्या, म्हणजे माल कुणाला द्यायचा त्याच्या, रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव घातलं की तो ओळखपत्र दाखवून गोदामातून माल उचलतो, आणि बँकेत कागद सोडवायला कुणी फिरकत नाही. त्या रकान्यात परदेशातल्या बँकेचं नाव, तिच्या संमतीने, घालायचं आणि गिऱ्हाइकाचं नाव 'नोटिफाय पार्टी'त, म्हणजे माल आल्याचं नुसतं कळवायचं त्या रकान्यात, टाकायचं, बस्स. हे एवढंसं न कळल्यामुळे किती चांदीचे दागिने आणि तयार कपडे फुकट गेले असतील याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पैसे बुडाल्यावर वाणिज्य अधिकाऱ्याच्या हाती कायद्याचा अधिकार शून्य. तो फोन करू शकतो, स्थानिक चेंबरमध्ये त्या फर्मची पत विचारू शकतो, जाऊन दुकानाचं शटर उघडं आहे का ते बघू शकतो. त्याची खरी कमाई म्हणजे बदलीच्या वेळी मागे ठेवायची हँडिंग ओव्हर नोट. तिजोरीच्या किल्ल्या, इम्प्रेस्टची, म्हणजे किरकोळ खर्चाच्या आगाऊ रकमेची, शिल्लक, प्रलंबित प्रकरणं हा त्यातला रुक्ष भाग. पण चांगला माणूस शेवटी दीड-दोन पानं अशी जोडायचा की कोण वेळेवर पैसे देतो, कोण सँपल पास करून मालाच्या वेळी खोट काढतो, कुणाशी नव्वद दिवसांच्या उधारीवर अजिबात जाऊ नये. ती पानं पुढच्याने वाचली तर वाचली. बहुतेक वेळा फाइल कपाटात जायची आणि तोच आयातदार नव्या अधिकाऱ्याला नव्याने जेवायला बोलवायचा.

वडे खाताना बोलणं याच वळणावर गेलं, आणि सहा ओळींत न मावलेला माणूस थोडा थोडा दिसायला लागला. कुणी मॉस्कोचं काढलं. रुपयातला व्यापार, म्हणजे पैसे प्रत्यक्ष कुठे जातच नसत. वर्षाच्या सुरुवातीला दोन्हीकडच्या मालाची यादी ठरायची आणि खात्यावर जमा-नावे व्हायची. चहा, औषधं, होजिअरी मुंबईहून ओडेसाला बोटीने जायची. दर्जा जेमतेम असला तरी खपायची, कारण यादीत होती. १९९१ च्या डिसेंबरात सोव्हिएत संघच नकाशावरून गेला आणि ज्यांचं अख्खं दुकान त्या एका यादीवर चालत होतं त्यांना पहिल्यांदा गिऱ्हाईक शोधावं लागलं. त्याच वर्षी इकडे चर्चगेटच्या न्यू सीजीओ इमारतीत, जिला आता निष्ठा भवन म्हणतात, तिथल्या आयात-निर्यातीच्या कचेरीत दुसरी पडझड. निर्यातीवर मिळणारं रेप लायसन्स म्हणजे आयातीचा परवाना, आणि तो बाजारात प्रीमियमवर विकला जायचा. जुलै १९९१ मध्ये त्याच्या जागी एक्झिम स्क्रिप, म्हणजे आयातीच्या हक्काचा विकता येणारा कागद आला, निर्यातीच्या रकमेच्या तीस टक्क्यांचा. मार्च १९९२ मध्ये तीही गेली. आता निर्यातदाराने कमावलेलं चाळीस टक्के परकीय चलन सरकारी दराने द्यायचं, साठ टक्के बाजारदराने. ज्या कॉरिडॉरमध्ये सकाळी नऊपासून दलालांची गर्दी असायची, तिथे शिपायांना झोप यायला लागली. हे सांगणारे गृहस्थ हसत होते, पण त्या हसण्यात थोडी हळहळही होती. परवाने देणाऱ्याला परवाने गेल्याचा निखळ आनंद होत नसतो, तो भलेही तसं म्हणो.

त्यांच्याहून तरुण, म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या एकाने आंब्याचं काढलं. मुंबईतल्या कुठल्याही सभेत ते निघतंच. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतातून येणारा आंबा बंद केला, हे सगळ्यांना आठवतं. सोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही बंद झाले होते, हे फारसं कुणाला आठवत नाही. हापूससाठी अग्रलेख आले. अळूसाठी कोण रडणार? आधीच्या वर्षी फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली होती, मुख्य भीती फळमाशीची. यात वकिलातीचं काम म्हणजे 'आमचा आंबा जगात सर्वोत्तम' हे सांगणं नव्हे. ब्रुसेल्समधल्या माणसाला आंब्याच्या गोडीत रस नसतो. पॅकहाउसमध्ये कोण, कधी, किती पेट्या उघडून तपासतं आणि दाखल्यावर सही करणारा तिथे खरंच हजर असतो का, यात असतो. ४८ अंशांच्या गरम पाण्यात तासभर फळ बुडवायचं, मान्यताप्राप्त पॅकहाउसमधूनच पाठवायचं, अशी घडी बसली आणि २०१५ च्या हंगामाआधी बंदी उठली. अमेरिकेचं दार त्याआधी, २००७ मध्ये उघडलं होतं ते लासलगावच्या विकिरण केंद्रामुळे. कांद्यासाठी उभारलेलं ते केंद्र. तिथे आंब्याला किरणांची किमान ४०० ग्रे (हे त्या मात्रेचं माप) मात्रा. कोकणातला बागायतदार अजून म्हणतो की उकळवलेला आंबा तो आंबा नव्हे. पाणी उकळतं नसतं हे त्याला समजावणं हेही त्या काळी अधिकाऱ्यांचंच काम होतं, आणि युरोपियनांना समजावण्यापेक्षा ते अवघड होतं म्हणे.

हे सगळं कुठे लिहिलं जाणार? लोकांच्या आठवणीत राहायला वेगळंच काहीतरी घडावं लागतं. सी. बी. मुथम्मा १९४९ साली परराष्ट्र सेवेत आल्या. लग्न करायचं तर बाईने सरकारची परवानगी घ्यावी, असा नियम असलेल्या सेवेशी त्या सर्वोच्च न्यायालयात भांडल्या आणि १९७९ च्या निकालपत्रात न्यायमूर्ती कृष्ण अय्यरांनी त्या नियमांवर ओढलेले कोरडे आजही वाचतात. भारतीय राजनैतिक अधिकारी रवींद्र म्हात्र्यांना ३ फेब्रुवारी १९८४ ला बर्मिंगहॅममध्ये पळवून नेलं आणि तीन दिवसांत त्यांचा मृतदेह सापडला. पुण्यात रोज हजारो माणसं म्हात्रे पुलावरून जातात. 'म्हात्रे पुलाला ट्रॅफिक आहे' असं म्हणताना त्यातला म्हात्रे कोण, हे किती जणांच्या मनात येत असेल? बाकीच्यांच्या वाट्याला सहा ओळी आणि घरात उरलेल्या वस्तू.

त्या वस्तू मुंबईच्या घरात विचित्र दिसतात. माळ्यावर पत्र्याची ट्रंक, ट्रंकेत हँबर्गच्या हिवाळ्याचा गुडघ्याखाली येणारा लोकरी कोट. तीस वर्षांत एकदाही घातलेला नाही, पण टाकवत नाही. पावसाळ्यानंतर उन्हात घातला नाही तर कॉलरवर राखाडी बुरशी येते, म्हणून दर ऑक्टोबरला गॅलरीत दोन दिवस, आतली बाजू बाहेर काढून. नुसत्या डांबराच्या गोळ्यांनी कसर थांबते, दमट हवेची बुरशी थांबत नाही; लोकर हाताला खणखणीत कोरडी लागल्याशिवाय ट्रंक बंद करायची नाही. आणि बहुतेक घरांत त्याच ट्रंकेच्या तळाशी, कोटाखाली, सरकारी कागदांची फाइल असते. सर्व्हिस बुकाचे उतारे, शेवटचा पगारदाखला, बदल्यांचे हुकूम. आणि पेन्शन पेमेंट ऑर्डर.

म्हणजे पीपीओ. प्रश्न तिथेच परत आला.

तो विचारणारा माणूस कोण हे नंतर कळलं. राजदूत वगैरे नाही. आयएफएस-बी, म्हणजे परराष्ट्र सेवेची 'शाखा ब', सारा जन्म पांढऱ्या पासपोर्टवर. राजनैतिक अधिकाऱ्यांचा गडद तांबडा पासपोर्ट आणि इतर सरकारी नोकरांचा पांढरा पासपोर्ट यांतला फरक निवृत्तीनंतरही खुर्च्यांच्या रांगांत दिसतो, हे बोलायची पद्धत नाही, पण दिसतो. यांनी ठिकठिकाणच्या वकिलातींत लेखा आणि प्रशासन सांभाळलं. परदेशी मुलाकडे राहणारे पेन्शनर दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यावर सहीसाठी काउंटरला यायचे, त्यांना खुर्ची देणारा माणूस. निवृत्त झाल्यापासून ओळखीतल्या मृत्यूनंतरचे कागद ते करून देतात.

वड्यांची बशी मांडीवर ठेवून ते शेजारच्याला सांगत होते ते असं. साहेबांचं मूळ पेन्शन समजा पन्नास हजार. ऐंशी पूर्ण झाल्यावर वीस टक्के जादा, म्हणजे साठ, वर महागाई. आता कुटुंबनिवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या, म्हणजे या हिशेबात लाखाच्या, तीस टक्के, म्हणजे तीस हजार. ते वीस टक्के वहिनींना आपोआप लागत नाहीत, ते त्यांच्या स्वतःच्या वयावर. त्या शहात्तरच्या. म्हणजे एका रात्रीत साठाचे तीस, आणि चार वर्षांनी त्या ऐंशीच्या झाल्या की सहा हजार वाढायला हवेत. वाढतीलच असं नाही. जुन्या पीपीओंवर बायकोचं नाव असतं, जन्मतारीख नसते, आणि बँकेच्या संगणकाला तारीख दिसली नाही तर ऐंशी कधी उजाडलं ते त्याला कळत नाही. मागायला कुणी गेलं नाही तर तसंच चालू राहतं. म्हणून आत्ताच, पहिल्याच अर्जाबरोबर, जन्मतारखेचा पुरावा द्यायचा.

दुसरा घोळ नावाचा. आपल्याकडे लग्नात मुलीचं पहिलं नावही बदलायची रीत होती. सर्व्हिस बुकात सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर तिसरंच काही. ती नावं कागदोपत्री जुळवायची तर नवरा जिवंत असताना एक अर्ज पुरतो. तो गेल्यावर प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि बँकेच्या पाच-सहा खेपा.

तिसरा घोळ सर्वांत आधी होतो, आणि तो स्मशानात. माणूस घरी गेला तर डॉक्टर चार-ए नमुन्यात मृत्यूचं कारण लिहून देतात, इस्पितळात गेला तर चार नंबरचा नमुना. त्या कागदावर आणि स्मशानातल्या नोंदवहीत जे नाव पडतं तेच पुढे पालिकेच्या दाखल्यावर येतं. रात्री दोन वाजता रडून दमलेला पुतण्या घरात हाक मारायचं नाव सांगतो, किंवा आडनावाचं स्पेलिंग आपल्या मनाने. पीपीओवर वेगळं, दाखल्यावर वेगळं. म्हणून निघतानाच मयताच्या आधारची प्रत खिशात हवी आणि सांगायचं नाही, दाखवायचं. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढायच्या.

मग बँक. खातं नवरा-बायकोचं संयुक्त असेल तर साधा अर्ज, मृत्यूचा दाखला, पीपीओची प्रत, जन्मतारखेचा पुरावा आणि जादा रक्कम गेल्यास परत करण्याचं हमीपत्र, एवढ्यावर काम होतं. पीपीओ दोन्ही घ्यायच्या, मूळ आणि सातव्या वेतन आयोगानंतरची सुधारित. बँकेकडे कधीकधी एकच असते. मृत्यूच्या दिवसापर्यंतचं पेन्शन त्यांचं, दुसऱ्या दिवसापासूनचं वहिनींचं. बँकेला उशिरा कळवलं तर जुन्या दराने पैसे येत राहतात, घरात खर्च होतात आणि मग वसुली लागते. बायकांना तीच वसुली सर्वांत जास्त लागते, कारण त्यांना वाटतं आपण काहीतरी चोरलं.

हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यासारखाच खरखरीत होता. दुखवट्याचा एकही शब्द नाही. पण पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी ते सगळं क्रमवार लिहून काढलं, वर तारीख घातली, खाली आद्याक्षरं केली. सही नाही. चिटणीसांनी ते पाकीट घेतलं आणि सहा ओळींच्या टिपणाला टाचणीने जोडलं, दोन्ही मिळून वहिनींकडे जाणार होतं. पुढच्या रांगेतले माजी राजदूत हात पुसत मागे आले, चष्मा काढून ते पाकीट त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "सुधारित म्हणजे नक्की कुठली? ती वेगळी येते?"

"येते. नसली तर दुसरी प्रत मागवा. आजच."

सभा संपली तेव्हा जिन्यात पाच-सहा जण एकाच वेळी फोनवर होते. खाली रस्त्यावरून बसचे हॉर्न येत होते, म्हणून सगळे मोठ्याने बोलत होते. राजदूत कठड्याला टेकून, एक कान हाताने झाकून सांगत होते, "अगं, ट्रंकेत. माळ्यावरच्या. नाही नाही, तू नको चढूस. नुसतं सांग, कोटाखाली एक निळी फाइल आहे ना... काय? सगळ्याच निळ्या आहेत?"